सिस्टिम्स इंजिनिअरिंगमधली पीएचडी म्हणजे नेमकं काय? मुंबईत ती कुठे आणि कशी करता येते?

१९ ऑगस्ट २०२५. मुंबईत पाऊस कोसळत होता. रुळांवर पाणी साचल्याने हार्बर लाइन बंद पडली. शिवडीच्या पुढचं स्टेशन वडाळा रोड. तिथून चेंबूरच्या दिशेला जाणाऱ्यांपुढे जे थोडे पर्याय उरले, त्यातला एक होता मोनोरेल. एरवी रिकामी धावते म्हणून जिची चेष्टा व्हायची, त्या मोनोत त्या संध्याकाळी माणसं अक्षरशः कोंबून चढली. म्हैसूर कॉलनी आणि भक्ती पार्क या स्थानकांच्या मधे गाडी उंचावरच थांबली. वीज गेली, एसी बंद झाला, आत माणसं गुदमरू लागली. अग्निशमन दलाने शिड्या लावून पाचशेहून अधिक प्रवाशांना खाली उतरवलं.

एमएमआरडीएने नंतर जे कारण दिलं ते असं: गाडीची क्षमता १०४ टनांची, आणि त्या वेळी तिच्यावर भार होता साधारण १०९ टनांचा. जादा वजनामुळे वीज पुरवणारा रूळ आणि गाडीतला वीज घेणारा भाग यांच्यातला संपर्क तुटला.

यात चूक कुणाची? लोकल चालवणाऱ्यांनी पाण्यात गाड्या थांबवल्या, ते सुरक्षेच्या दृष्टीने बरोबरच होतं. मोनोची गाडी तिच्या क्षमतेइतक्या माणसांसाठी बांधलेली होती. माणसं चढली, कारण त्यांना घरी जायचं होतं. प्रत्येक भाग आपापल्या जागी समजण्यासारखा वागला आणि तरीही सगळं मिळून कोसळलं. 'हार्बर बंद पडली तर तिची गर्दी कुठे वळेल, आणि ती जिथे वळेल तिथे काय होईल?' हा प्रश्न कुठल्याच एका यंत्रणेच्या हद्दीत येत नाही. तो त्यांच्या मधल्या जागेत असतो.

या मधल्या जागेचा शास्त्रशुद्ध अभ्यास म्हणजे सिस्टिम्स इंजिनिअरिंग. आणि त्या जागेबद्दल आजवर कुणाला माहीत नसलेलं काहीतरी शोधून, सिद्ध करून दाखवणं म्हणजे त्यातली पीएचडी.

सिस्टिम्स इंजिनिअरिंग म्हणजे कॉम्प्युटर नाही का?

नाही. हा गोंधळ सर्रास होतो, कारण आपल्याकडे 'सिस्टिम' म्हटलं की टेबलावरचा कॉम्प्युटर डोळ्यासमोर येतो. इथे सिस्टिम म्हणजे एकमेकांवर परिणाम करणाऱ्या भागांची जुळणी. लोकलचं जाळं ही सिस्टिम आहे. विमान, वीजपुरवठा, हॉस्पिटलचा अतिदक्षता विभाग याही सिस्टिमच.

स्थापत्य अभियंता पूल बांधतो, विद्युत अभियंता त्यावरचे दिवे आणि कॅमेरे बघतो, वाहतूक अभियंता त्यावरून किती गाड्या जातील ते मोजतो. सिस्टिम्स अभियंता विचारतो की या तिघांची कामं जिथे एकमेकांना भिडतात तिथे काय होतं? या भिडण्याच्या जागेला 'इंटरफेस' म्हणतात. मोठ्या प्रकल्पांतला घोळ बहुतेक वेळा याच सांध्यात होतो.

या विषयाचा जन्म १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या बेल टेलिफोन लॅबोरेटरीजमध्ये झाला असं मानलं जातं. देशभर पसरलेलं टेलिफोनचं जाळं एकेक यंत्र सुधारून सुधारत नव्हतं. पुढे क्षेपणास्त्रं आणि अपोलो मोहीम यांनी या विषयाला मोठं केलं. बेल लॅब्जच्याच आर्थर हॉल यांचं या पद्धतीवरचं पुस्तक १९६२ साली आलं. त्याच सुमारास गणिताच्या बाजूनेही एक मोठी गोष्ट घडली. रुडॉल्फ काल्मन यांनी १९६० मध्ये एक पद्धत मांडली. गोंगाटाने भरलेल्या मोजमापांवरून एखादी वस्तू नेमकी कुठे आहे याचा सर्वात चांगला अंदाज कसा बांधायचा, हे ती सांगते. 'काल्मन फिल्टर' नावाची ही पद्धत अपोलो यानांच्या दिशादर्शनात वापरली गेली. मोबाइलमधलं लोकेशन ठरवायलाही हीच कल्पना कामी येते.

पीएचडीच्या दृष्टीने या इतिहासात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. या विषयाला पहिल्यापासून दोन तोंडं आहेत. एक प्रकल्पाचं: गरजा काय, भाग कुठले, कोण कशाला जबाबदार, चाचणी कशी घ्यायची. दुसरं गणिताचं: यंत्रणा स्थिर राहील का, ती आपल्या ताब्यात ठेवता येईल का. भारतातली, विशेषतः मुंबईतली पीएचडी बहुतांशी दुसऱ्या तोंडाची आहे. प्रकल्प व्यवस्थापनाच्या अपेक्षेने आलेला विद्यार्थी पहिल्याच सत्रात मॅट्रिक्स आणि डिफरेन्शियल इक्वेशन्समध्ये सापडतो, आणि काही जणांना तेव्हा कळतं की आपण चुकीच्या दाराने आत आलो.

शिवडीत उभं राहिलं तर काय दिसतं?

विषय पुस्तकातून समजून घेण्यापेक्षा शिवडी स्टेशनच्या पूर्वेला उतरून समजून घेणं सोपं आहे.

समोर अटल सेतू. १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेला, शिवडी ते न्हावा शेवा, सुमारे २१.८ किलोमीटर लांबीचा आणि त्यातला साडेसोळा किलोमीटर समुद्रावरून जाणारा. खाली चिखलाची दलदल. तिथे हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, येतात. दलदलीजवळच्या भागात पुलाला आवाज अडवणारे पडदे लावले आहेत. म्हणजे पुलाच्या आराखड्यात पक्ष्यांचे कानही धरावे लागले. मागे हार्बरचे रूळ, बंदराची जमीन, गोदामं, ट्रक.

सिस्टिम्स इंजिनिअरिंगमध्ये दोन शब्द सतत ऐकू येतात: व्हेरिफिकेशन आणि व्हॅलिडेशन. पहिल्याचा अर्थ, ठरवलं ते नीट बांधलं का? दुसऱ्याचा अर्थ, जे ठरवलं तेच बांधायला हवं होतं का? समुद्रात इतका लांब पूल उभा राहिला, हे पहिल्याचं उत्तर. दुसऱ्याचं उत्तर इतकं सरळ नाही. कारसाठी एका फेरीचा टोल २५० रुपये, दुचाकी आणि रिक्षांना बंदी, आणि शिवडीला उतरल्यावर पुढे पश्चिमेला जायचा वेगवान रस्ता तयार नाही. पहिल्या वर्षी वाहनं आधी बांधलेल्या अंदाजापेक्षा कमीच राहिली. पूल मजबूत असणं ही त्या पुलाची गोष्ट आहे. तो किती वापरला जाईल, ही त्याच्या दोन्ही टोकांच्या पलीकडल्या रस्त्यांची आणि लोकांच्या खिशाची गोष्ट आहे.

तो पुढचा रस्ता म्हणजे शिवडी-वरळी उन्नत मार्ग, साधारण साडेचार किलोमीटरचा. शिवडीहून निघून तो परळमार्गे प्रभादेवीला रेल्वे ओलांडतो आणि वरळीला जातो. त्यासाठी प्रभादेवीचा ब्रिटिशकालीन एल्फिन्स्टन पूल पाडावा लागला. सप्टेंबर २०२५ मध्ये तो बंद झाला आणि परळच्या पूर्व-पश्चिम वाहतुकीचा भार दादरच्या टिळक पुलावर आणि करी रोडच्या पुलावर सरकला.

इथे आकडेमोड एकदम माणसांवर येते. केईएम, टाटा मेमोरियल, वाडिया ही रुग्णालयं रेल्वेच्या पूर्वेला आहेत. वरळी-प्रभादेवीहून निघालेली रुग्णवाहिका आता कुठून जाणार? सरासरी किती मिनिटं वाढली हा एक प्रश्न. वाईटात वाईट दिवशी किती वाढतील हा दुसरा, आणि तोच जास्त महत्त्वाचा, कारण रुग्ण सरासरी दिवशी आजारी पडत नाही. लोअर परळचा डिलाईल पूल जुलै २०१८ मध्ये बंद झाला आणि पूर्ण खुला व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडलं. म्हणजे 'तात्पुरती गैरसोय' हा शब्द या भागात एका पीएचडीच्या कालावधीइतका लांब असू शकतो.

मग 'परळची वाहतूक कोंडी कशी सोडवावी' हा पीएचडीचा विषय होऊ शकतो का?

नाही. बहुतेकांचे पहिले प्रस्ताव इथेच आपटतात.

कोंडी सोडवणं हे महापालिकेचं, वाहतूक पोलिसांचं काम. सल्लागार कंपनीचा अहवाल त्यावर उपाय सुचवू शकतो. पीएचडीला 'उपाय' पुरत नाही, नवं ज्ञान लागतं, आणि ते दुसऱ्या शहरातही लागू पडावं लागतं. त्यामुळे परळचा प्रश्न आधी गाळून घ्यावा लागतो.

उदाहरणार्थ असा. रेल्वेने दोन भागांत कापलेल्या शहरात तीन-चारच पूल दोन्ही बाजू जोडतात. त्यातला एक गेला, की उरलेल्या पुलांवरच्या प्रवासवेळेची अनिश्चितता किती वाढते? रस्त्यावर बस, टॅक्सी, हातगाडी, दुचाकी सगळं एकत्र असताना, आणि हाताशी अर्धवटच आकडेवारी असताना, तो अंदाज आधीच बांधता येईल का? आधीच्या पद्धतींनी तो का बांधता येत नव्हता? आता हा प्रश्न परळचा राहिला नाही. तो कोलकात्याला लागू पडतो, जकार्तालाही. परळ त्याची प्रयोगशाळा झाली.

हे गाळणं दिसतं सोपं, प्रत्यक्षात पहिलं दीड-दोन वर्षं त्यातच जातं. जगभरात यावर काय लिहिलं गेलंय ते वाचायचं, आपल्याला सुचलेली कल्पना कुणीतरी काही वर्षांपूर्वीच मांडून ठेवली आहे हे शोधून काढायचं, थोडं निराश व्हायचं, आणि उरलेली फट शोधायची.

मुंबईवर काम करणाऱ्यांची आणखी एक अडचण असते ती आकडेवारीची. रस्ते महापालिकेचे, उन्नत मार्ग एमएमआरडीएचा, सिग्नल पोलिसांच्या ताब्यात, रूळ रेल्वेचे, शिवडीची किनाऱ्याकडची जमीन बंदर प्राधिकरणाची. प्रत्येकाकडे आपापली माहिती, वेगवेगळ्या स्वरूपात. जी फूट शहराच्या कारभारात आहे, तीच संशोधकाच्या एक्सेल शीटमध्ये उतरते. म्हणून विषय ठरवताना 'हा डेटा मला मिळेल का?' हा प्रश्न 'हा विषय मला आवडतो का?' याच्या आधी विचारलेला बरा.

असं संशोधन प्रत्यक्ष उपयोगी पडतं का? रेल्वेने २०२० मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांचं वेळापत्रक शून्यापासून नव्याने आखायला घेतलं, तेव्हा आयआयटी मुंबईची मदत घेतली होती. एकाच रुळावरून वेगवेगळ्या वेगाच्या गाड्या कमीत कमी खोळंब्यात कशा सोडायच्या, हा सिस्टिम्सचा अस्सल प्रश्न आहे.

दुसऱ्या टोकाला शुद्ध गणिताचं काम. प्रमोद खरगोणेकर यांनी १९७७ मध्ये आयआयटी मुंबईतून विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि १९८१ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठातून पीएचडी. १९८९ साली जॉन डॉयल, कीथ ग्लोव्हर आणि ब्रूस फ्रान्सिस यांच्यासोबत त्यांनी लिहिलेला शोधनिबंध नियंत्रणशास्त्रातल्या सर्वाधिक उद्धृत निबंधांपैकी एक आहे. आपल्याला यंत्रणेची माहिती अपुरी असताना, बाहेरून धक्के बसत असताना ती काबूत ठेवणारा नियंत्रक कसा तयार करायचा, हे त्यात मांडलं आहे. त्यात कुठलाही पूल नाही, गाडी नाही, फक्त समीकरणं आहेत. पण त्यातलं गणित विमानापासून कारखान्यापर्यंत कुठेही वापरता येतं.

मुंबईत ही पीएचडी कुठे करता येते?

'सिस्टिम्स इंजिनिअरिंग' अशी पाटी शोधत फिरलात तर हाती फारसं लागणार नाही. विषय वेगवेगळ्या नावांखाली विखुरलेला आहे.

सगळ्यात जवळचं नाव आयआयटी मुंबईतलं, पवईला: सिस्टिम्स अँड कंट्रोल इंजिनिअरिंग. कॅम्पसवर त्याला 'सिसकॉन' म्हणतात. यंत्रमानवांचे थवे, वीजजाळं, बॅटऱ्या, नियंत्रणाचं गणित असे विषय इथे येतात. त्याच कॅम्पसवर इंडस्ट्रिअल इंजिनिअरिंग अँड ऑपरेशन्स रिसर्च आहे. वेळापत्रकं, रांगा, साठा, पुरवठा साखळी हे त्याचं क्षेत्र. आणि स्थापत्य विभागात ट्रान्सपोर्टेशन सिस्टिम्स इंजिनिअरिंग. वर सांगितलेला पुलांचा प्रश्न घेऊन जाणाऱ्याने या तिसऱ्या दारावर टकटक करायला हवी, पहिल्या नव्हे. तिन्ही दारं एकाच संस्थेत, पण अर्ज वेगळे आणि मुलाखती वेगळ्या.

पवईतच विहार तलावाजवळ आयआयएम मुंबई आहे. २०२३ पर्यंत तिचं नाव नीटी होतं. १९६३ पासून औद्योगिक अभियांत्रिकी शिकवणारी ही संस्था. ज्यांना प्रकल्पाची, व्यवस्थापनाची बाजू हवी आहे त्यांच्यासाठी ती जास्त योग्य.

कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये 'कॉम्प्युटर अँड सिस्टिम्स सायन्सेस' या नावाने पीएचडी होते. तिथे काम संभाव्यता आणि माहितीशास्त्र यांकडे झुकलेलं, म्हणजे गणित आणखी कडक. अणुऊर्जा विभागातल्या अभियंत्यांना होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूटमधून अभियांत्रिकीत पीएचडी करता येते.

शिवडीकरांना सगळ्यात जवळची जागा मात्र माटुंग्याची व्हीजेटीआय. १८८७ साली स्थापन झालेली ही संस्था भायखळ्याहून १९२३ मध्ये माटुंग्याला आली. एका अर्थाने ती गिरणगावाचीच संस्था आहे. कापड गिरण्यांना लागणारे तंत्रज्ञ इथे तयार होत. तिच्या विद्युत विभागात कंट्रोल सिस्टिम्समध्ये एमटेक करता येतं आणि त्या विषयात संशोधनही चालतं. घरी राहून, बसने जाऊन-येऊन करता येईल अशी ही जागा, आणि ज्याच्यावर घराची जबाबदारी आहे त्याच्यासाठी ही छोटी बाब नाही.

प्रवेश कसा मिळतो?

साधारण वाट अशी: अभियांत्रिकीची पदवी, मग एमटेक, गेटचा स्कोअर, मग अर्ज, लेखी चाचणी आणि मुलाखत. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो. आयआयटी मुंबईत प्रवेश वर्षातून दोनदा होतात, जुलै आणि जानेवारीच्या सत्रांसाठी. टीआयएफआरची स्वतःची परीक्षा असते.

विद्यापीठांना यूजीसीचे २०२२ चे नियम लागू होतात. त्यानुसार चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असतील तर एमटेक न करता थेट पीएचडीला अर्ज करता येतो. पदव्युत्तर पदवी असेल तर ५५ टक्के लागतात. आरक्षित प्रवर्गांना दोन्हीकडे सवलत आहे. आयआयटींचे नियम त्यांच्या सिनेट ठरवतात, त्यामुळे अट तिथल्या माहितीपत्रकातच वाचावी. मित्राने सांगितलेली अट दोन वर्षं जुनी असू शकते.

मुलाखतीत काय विचारतात? मोठमोठ्या कल्पनांपेक्षा पाया तपासतात. लिनिअर अल्जिब्रा, संभाव्यता, डिफरेन्शियल इक्वेशन्स, पदवीला शिकलेलं कंट्रोल. 'मला मुंबईची वाहतूक सुधारायची आहे' हे वाक्य कौतुकाने ऐकलं जातं आणि पुढचा प्रश्न आयगेनव्हॅल्यूवर येतो.

नोकरी करणाऱ्यांसाठीही दार आहे. यूजीसीच्या नियमांत अर्धवेळ पीएचडीला परवानगी आहे, पण मालकाचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. आयआयटीतही बाहेरून नोंदणी करता येते, मात्र कोर्सवर्कसाठी काही काळ कॅम्पसवर काढावा लागतो.

किती वर्षं लागतात आणि त्या वर्षांत नेमकं काय होतं?

यूजीसीच्या नियमांप्रमाणे कमीत कमी तीन, जास्तीत जास्त सहा वर्षं, आणि पुन्हा नोंदणी करून आणखी दोन. महिला आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यावर दोन वर्षांची मुभा आहे. महिलांना २४० दिवसांपर्यंत मातृत्व किंवा बालसंगोपन रजा घेता येते. अभियांत्रिकीत पाच वर्षं धरून चालावं. तीन वर्षांत संपवलेली माणसं असतात, पण त्यांच्या भरवशावर घरचं गणित मांडू नये.

पहिलं वर्ष कोर्सवर्कचं. मग पात्रता परीक्षा, जिला सगळे 'क्वालिफायर' म्हणतात. ती झाली की विषयाचा प्रस्ताव. त्यानंतर आयआयटी मुंबईत दरवर्षी प्रगती सेमिनार असतो, 'एपीएस'. वर्षभर काय केलं ते समितीपुढे उभं राहून सांगायचं. शेवटी सिनॉप्सिस, प्रबंध, बाहेरच्या परीक्षकांचे अहवाल आणि व्हायवा.

ही झाली कागदावरची वाट. खरी अडचण दुसऱ्या आणि चौथ्या वर्षाच्या मधे येते, कारण तेव्हा कुठलीच परीक्षा नसते. कुणी रोज विचारत नाही. मॉडेल चालत नाही, निबंध परत येतो, बरोबरचे मित्र तोवर नोकरीत दुसरी बढती घेतात. सिस्टिम्समध्ये यात भर पडते ती विषय कुठेच 'बसत' नसल्याची. वाहतुकीचा निबंध कंट्रोलच्या जर्नलला पाठवला तर ते म्हणतात यात नवं गणित नाही, आणि वाहतुकीच्या जर्नलला पाठवला तर ते म्हणतात यात फार गणित आहे. मधल्या जागेचा अभ्यास करणाऱ्याला मधल्या जागेत उभं राहण्याची किंमत द्यावी लागते.

म्हणून मार्गदर्शकाची निवड विषयाच्या निवडीइतकीच मोठी. नाव मोठं असणं चांगलं, पण ते महिन्यातून किती वेळा भेटतात हे जास्त कामाचं. ही माहिती वेबसाइटवर नसते. त्यांच्या हाताखाली सध्या असलेल्या विद्यार्थ्यांबरोबर चहा प्यायला तर ती अर्ध्या तासात मिळते.

पैशाचं काय?

घरात पहिला प्रश्न हाच येतो, आणि तो यायलाच हवा.

१ जानेवारी २०२३ पासून केंद्र सरकारच्या दरांनुसार फेलोशिप पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि नंतर ४२,००० रुपये आहे. पाच वर्षांचं गणित केलं तर बरोबर २४ लाख होतात. काही फेलोशिपमध्ये घरभाडे भत्ता मिळतो. त्याच्या बदल्यात शिकवण्याचं, पेपर तपासण्याचं, लॅब सांभाळण्याचं काम करावं लागतं.

पंतप्रधान संशोधन फेलोशिप, म्हणजे पीएमआरएफ, यापेक्षा खूप वरची आहे. पहिली दोन वर्षं ७०,०००, तिसऱ्या वर्षी ७५,००० आणि चौथ्या-पाचव्या वर्षी ८०,०००. पाच वर्षांचे ४५ लाख, शिवाय संशोधन खर्चासाठी वर्षाला दोन लाख. अर्थात निवड कडक आहे. २०२५ च्या अर्थसंकल्पात पुढच्या पाच वर्षांत अशा १०,००० फेलोशिप देण्याची घोषणा झाली.

राज्यात बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्था अनुक्रमे अनुसूचित जाती, मराठा-कुणबी आणि इतर मागासवर्ग व भटक्या जमातींतल्या संशोधकांना फेलोशिप देतात. त्यांनी अनेक घरांतून पहिला पीएचडीधारक घडवला आहे. पण जागा, निवड आणि रक्कम यांवरून विद्यार्थ्यांना आझाद मैदानावर आंदोलनंही करावी लागली आहेत. फक्त या रकमेवर महिन्याचा खर्च अवलंबून असेल, तर ती उशिरा येऊ शकते हे धरून चालावं.

तोटा फेलोशिपच्या आकड्यात दिसत नाही. तो दिसतो, एमटेक करून लगेच नोकरी धरलेल्या मित्राच्या पाच वर्षांच्या पगाराशी तुलना केल्यावर. शिवाय गृहकर्जाला पात्र होणं लांबतं, आई-वडिलांच्या आजारपणासाठी बाजूला काही राहत नाही. चाळीचा पुनर्विकास चालू असेल आणि बिल्डरकडून येणारं भाडं थांबलं, तर घरातला हा कमावता हात निम्माच असतो. ३७,००० रुपयांत पवईच्या होस्टेलवर एकट्याचं चांगलं भागतं. घरी पैसे पाठवायचे असतील तर ताण येतो.

पुढे काय?

इस्रो, डीआरडीओ, पुण्यातला वाहन उद्योग, मेट्रो, वीज कंपन्या, सेमीकंडक्टर. गाड्यांमध्ये इलेक्ट्रॉनिक्स वाढल्यापासून सिस्टिम्सच्या माणसांची मागणी वाढली आहे. वाहनांतल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणांच्या सुरक्षेसाठी आयएसओ २६२६२ हे मानक २०११ मध्ये आलं आणि त्यानंतर ब्रेक, बॅटरी, सेन्सर एकमेकांशी कसे वागतील याची लेखी तपासणी करणं कंपन्यांना भाग पडलं. मात्र यातल्या पुष्कळ नोकऱ्यांना एमटेक पुरतं. पीएचडी तिथे लागते जिथे आधी न केलेलं काहीतरी करायचं असतं, म्हणजे संशोधन विभागात.

प्राध्यापक व्हायचं असेल तर ती अनिवार्यच. आयआयटीत सहायक प्राध्यापकाच्या नेहमीच्या श्रेणीसाठी पीएचडीनंतर साधारण तीन वर्षांचा अनुभव मागतात, म्हणजे मधे एखादी पोस्टडॉक धरावी लागते. पस्तिशीच्या आसपास पहिली कायम नोकरी, हे चित्र अपवादाचं नाही.

नगरपालिका, रेल्वे, एमएमआरडीए अशा ठिकाणी 'सिस्टिम्स इंजिनिअर, पीएचडी' असं पद मात्र सहसा नसतं. मोनोसारखा प्रसंग घडला की चौकशी समिती नेमली जाते, त्यात प्राध्यापक बोलावले जातात, अहवाल येतो. हार्बर आणि मोनो यांच्या मधल्या जागेकडे रोज बघणारी खुर्ची नसते.

अर्ज करण्याआधी एक काम

शोधगंगा या संकेतस्थळावर भारतातल्या विद्यापीठांचे पीएचडी प्रबंध फुकट वाचता येतात. आपल्या विषयाच्या जवळचा एक निवडावा. सगळा वाचायची गरज नाही. पहिलं प्रकरण वाचावं, त्यात प्रश्न कसा गाळून घेतला ते दिसतं. मग शेवटचं प्रकरण काढावं. तिथे 'भविष्यातील संशोधन' असा एक भाग असतो. चार-पाच वर्षं झगडून त्या माणसाला जे जमलं नाही, ते त्याने तिथे लिहून ठेवलेलं असतं. मुलाखतीला जाताना त्यातला एक मुद्दा वहीत उतरवून न्यावा, आणि तो का जमला नसेल याचा आपला अंदाज त्याखाली लिहावा.